खुशीत असलेला खलनायक

संत्र्याचा बहर उतरू लागला की तिगावात आमच्या वाड्यात लाकडी पेट्यांची थप्पी लागे. १९८७ साली प्रदर्शित झालेला ‘मिस्टर इंडिया’ हा हिंदी चित्रपट आमच्या गावी पोहोचला तो पुढे एक-दोन वर्षांनी, गणेशोत्सवात भाड्याने आणलेल्या व्हीडिओवर. त्या हंगामात आम्हा मुलांनी त्या पेट्यांचा एक नवा उपयोग शोधून काढला. तीन पेट्या खाली, एक वर आणि पाठ टेकायला एक उभी, एवढ्यात सिंहासन तयार होई. त्यावर बसून, हाताखालच्या फळीवर बोटे वाजवीत, आपण खूश झालो असल्याचे जाहीर करायचे, एवढाच त्या खेळाचा मुख्य भाग होता. मोगँबो कोणी व्हायचे यावरून आमच्यात मारामाऱ्या होत. नायक होण्यास मात्र कोणी तयार नसे. ज्याच्या वाट्याला नायकपण येई तो रडकुंडीला येऊन म्हणे, ‘मी दिसतच नाही, मग मी खेळू काय?’

त्या मुलाच्या तक्रारीत एका वाङ्मयप्रकाराचे मर्म आले आहे, असे मला आता वकिलीत दोन दशके घालविल्यावर वाटू लागले आहे. विज्ञान आणि रहस्य यांच्या संकरातून जी कथा जन्मते, तिच्यात नायक बहुधा अदृश्यच असतो. शब्दशः नसला तरी रसदृष्ट्या. तो शोध घेतो, तर्क करतो, संकट टाळतो. पण पाहावे असे जे काही असते ते सारे खलनायकाकडे असते. ‘मिस्टर इंडिया’च्या कर्त्यांनी हे तत्त्व इतके अक्षरशः पाळले की नायकाच्या मनगटी यंत्राने तो नाहीसा होतो आणि केवळ तांबड्या प्रकाशात दिसतो, याच्या उलट अमरीश पुरी यांचा मोगँबो सोनेरी केसांचा टोप आणि जरतारी कोट घालून असा झगमगतो की त्याला न पाहणे शक्यच नसते. सुष्टपणा पारदर्शक आणि दुष्टपणा भरजरी. सलीम-जावेद यांची संहिता आणि शेखर कपूर यांचे दिग्दर्शन यांविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे, पण ही गंमत फारशी कोणी नोंदविलेली माझ्या वाचनात नाही.

मोगँबोचे वैशिष्ट्य त्याच्या दुष्टपणात नाही. आपल्या चित्रपटांत दुष्ट माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता. त्याचे वैशिष्ट्य हे की तो सुखी आहे. त्याच्या आज्ञेवरून त्याचे सैनिक आम्लाच्या कुंडात उड्या घेतात, आणि ती आज्ञा कोणत्याही गरजेपोटी दिलेली नसते. पाहुण्यांना निष्ठेचे प्रात्यक्षिक दाखवायचे असते, एवढेच. सूड, लोभ, अपमानाची सल, वंचित बालपण यांपैकी कशाचाही आधार त्याला लागत नाही. अलीकडे प्रत्येक खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटविण्याची जी प्रथा पडली आहे, तिने या पात्राचा जीवच जाईल. त्याला समजून घ्यायला गेलात की तो मावळतो.

ही जात पाश्चात्त्यांकडून आयात झालेली आहे असे समजणाऱ्यांनी शूद्रकाचा शकार आठवावा. ‘मृच्छकटिका’तला हा राजाचा मेहुणा पुराणांतल्या नावांची खिचडी करतो, आपल्याच विनोदावर खूश होतो, वसंतसेनेचा गळा आवळतो, आणि तिला मेलेली समजून चारुदत्तावर खुनाचा आळ घेऊन न्यायासनापुढे मिरवत येतो. नवव्या अंकातला तो खटला वकिलाने पुन:पुन्हा वाचावा असा आहे. पुरावा परिस्थितिजन्य, आरोपी शालीन आणि म्हणून गप्प, फिर्यादी निर्लज्ज आणि म्हणून बोलका. देवलांच्या संगीत अवतारामुळे मराठी प्रेक्षकाने या शकाराला पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या दिल्या. चारुदत्तासाठी त्याचे डोळे ओले झाले असतील, पण शकार रंगमंचावर येताच तो खुर्चीत सावरून बसला असणार, याविषयी मला शंका नाही.

आणि या मासिकाच्या कोकणी वाचकांना तर शकारापर्यंतही जाण्याचे कारण नाही. दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावताराचा संकासुर त्यांनी बालपणी देवळाच्या अंगणात पाहिलेला आहे. ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा हा असुर. म्हणजे त्याची चोरी धनाची नाही, स्त्रीची नाही, ज्ञानाची आहे. विज्ञानकथेतल्या खलनायकाचा हा मूळपुरुषच म्हणावयाचा. काळा बुरखा घेतलेला तो संकासुर प्रेक्षकांना भिववीत नाही. बोलीतून थट्टा करतो, टोमणे मारतो, पोरे खिदळतात. पुढे विष्णू येतो आणि त्याला मारतो, कारण मारणे भागच असते. पण रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी विचारा : त्याला विष्णूचे एक वाक्य आठवणार नाही, संकासुराची चार आठवतील. आमच्या छिंदवाड्याकडे फाल्गुनात गोंड बांधव मेघनाथाची जत्रा भरवितात, तिचा अर्थ अगदीच निराळा आणि श्रद्धेचा आहे. तो या चर्चेत ओढणे बरोबर होणार नाही. इतकेच म्हणतो की, या मुलुखात वाढलेल्या मुलाला ‘असुर म्हणजे केवळ त्याज्य’ हे समीकरण फार काळ पटत नाही.

असो. ज्याला रहस्यकथा आणि विज्ञानकथा यांचा खराखुरा संगम म्हणता येईल असे इंग्रजीतले पहिल्या प्रतीचे उदाहरण म्हणजे स्टीव्हन्सनची १८८६ सालची डॉ. जेकिल व मि. हाइड यांची कथा. तिचा शेवट आज सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती मुळात रहस्यकथा होती हे आपण विसरून गेलो आहो. त्यातला शोधक पोलीस नाही, वकील आहे. अटरसन या त्याच्या नावाच्या गृहस्थाकडे जेकिलचे मृत्युपत्र आहे आणि त्यात सारी इस्टेट एका अनोळखी हाइडला देऊ केली आहे. खुनाच्या जागी सापडलेला काठीचा तुकडा पाहून या वकिलाला कळते की ही काठी आपणच पूर्वी जेकिलला भेट दिली होती. इतका नेटका मुद्देमाल आमच्या वाट्याला सहसा येत नाही!

परंतु अटरसन हा कितीही सज्जन असला तरी कथेचा प्राण हाइडमध्ये आहे, आणि हाइडचा प्राण त्याच्या हर्षात आहे. जेकिलच्या अखेरच्या कबुलीत जो तपशील अंगावर काटा आणतो तो खुनाचा नव्हे. सर डॅन्व्हर्स कॅर्यू या वृद्धाला ठार मारून घरी परतलेला हाइड गाणे गुणगुणत औषध कालवितो आणि मेलेल्याच्या नावाने प्याला उंचावून ते पितो, हा तो तपशील होय. औषधात एक क्षार आहे, त्या क्षारात कसली तरी अज्ञात भेसळ होती, तीच गुणकारी होती आणि ती पुन्हा मिळत नाही. एवढे या कथेतले विज्ञान. ते तोकडे आहे. पण त्या विज्ञानाने एक गोष्ट साधली जी नीतिकथेला साधली नसती : प्रतिष्ठित माणसाच्या अंगातून त्याचा आनंद बाहेर काढून त्याला वेगळे नाव, वेगळा पत्ता आणि वेगळी उंची दिली. हाइड जेकिलपेक्षा ठेंगणा आहे, तरुण आहे, चपळ आहे. दुष्टपणा हा त्याच्यापुरता एक प्रकारचा विश्राम आहे.

याच्या तुलनेत वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीतला अदृश्य मनुष्य ग्रिफिन मला नेहमी उणा वाटत आला आहे. तो चिडखोर आहे. त्याला थंडी वाजते, भूक लागते, कुत्री भुंकतात, भाड्याच्या खोलीची मालकीण प्रश्न विचारते. वेल्सने विज्ञानाची किंमत फार प्रामाणिकपणे मांडली आणि त्या प्रामाणिकपणापायी खलनायकाची मौज घालविली. कादंबरी म्हणून ती श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. पण संत्र्याच्या पेटीवर बसून ग्रिफिन व्हावे असे कोणत्याही मुलाला वाटणार नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. मराठी विज्ञानकथेत खुशीत असलेला खलनायक जवळजवळ नाहीच. याचे कारण तिच्या जन्मकथेत शोधावे लागते. गेल्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळा’तून व्हेर्नच्या चंद्रसफरीचे रूपांतर आले, पण प्रवाहाला जोर चढला तो पुष्कळ नंतर. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आली आणि पहिली ठरली. ते जगताप म्हणजे जयंत नारळीकर हे मागाहून उघड झाले. एका श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञाने नाव लपवून मराठीत कथा पाठवावी, ही गोष्ट स्वतःच एक गोड रहस्यकथा आहे. परंतु त्या क्षणी मराठी विज्ञानकथेच्या हाती खडू आला, तो तिने पुढे फारसा खाली ठेवला नाही. समाजाला वैज्ञानिक दृष्टी द्यावयाची, हा तिचा पण होता. पण थोर होता; त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर मराठी वाचीत वाढलेल्यांना जो अभिमान वाटला, तो २०२५ च्या मे महिन्यात ते गेल्यानंतर अधिकच दाटून आला.

तरीही टीकाकाराला कृतज्ञता आणि निवाडा यांचे दप्तर वेगळे ठेवावे लागते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या त्यांच्या कथेइतके सुबक गूढ मराठीत थोडे. आरशातल्या प्रतिमेसारखी उलटलेली मूर्ती, आणि उलगडा होताच बुद्धीला होणारा तो स्वच्छ आनंद. पण त्या आनंदाच्या शेवटी मानगूट धरावे असे कोणी उरत नाही. ‘वामन परत न आला’ मधला यंत्रमानव आपल्यासारखी यंत्रे घडवू पाहतो तेव्हा धोका खरा असतो. परंतु वामनाला हेतू आहे, हौस नाही. या कथांत अनर्थ होतो तो अज्ञानाने, उतावळेपणाने किंवा विश्वाच्या नियमाने. विज्ञाननिष्ठ लेखकाला हेच योग्य वाटणार. वाचकाला मात्र रात्री झोप लागते, आणि माझ्या मते ती लागता कामा नये.

रहस्यकथेच्या बाजूने पाहिले तर वेगळाच प्रकार आढळतो. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी, हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. माझ्या वडिलांच्या पिढीने ती रेल्वेप्रवासात आणि रॉकेलच्या दिव्याखाली फस्त केली. त्यांचे काळापहाड आणि झुंजार हे नायक आहेत, पण कायद्याच्या चौकटीबाहेर वावरणारे. खलनायकाचे जे जे आकर्षक, वेषांतर, धाडस, पोलिसांच्या हातावर तुरी देण्याची मजा, ते सारे अर्नाळकरांनी उचलून नायकाला बहाल केले. परिणाम असा झाला की बिचाऱ्या खलनायकाजवळ नुसता गुन्हा उरला. मराठी मध्यमवर्गाने दुष्टपणाची चव घेतली, पण सज्जनाच्या ताटातून. नारायण धारपांच्या समर्थांसमोर येणाऱ्या शक्ती तर इतक्या अघोरी की त्यांना हसणे सुचतच नाही.

मग हा हसरा खल मराठीत आला कुठून? तो आला बाहुलीच्या पोटातून. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातला तात्या विंचू हा मरतेसमयी मंत्र म्हणून आपला आत्मा एका बोलक्या बाहुल्यात उतरवितो. अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’चे ऋण उघड आहे, आणि काटेकोर वर्गवारी करणारे म्हणतील की ही विज्ञानकथा नव्हेच, भुताटकी आहे. मला ही हरकत पटत नाही. कथेच्या यंत्रणेच्या दृष्टीने जेकिलचा क्षार आणि तात्याचा मंत्र यांत अंतर नाही. दोन्हींना नियम आहेत, मुदत आहे, मर्मस्थान आहे. भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच बाहुला मरेल, आणि ज्याला गुपित प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरता येईल, अशा अटी घातल्या की भुताटकीचे गणित होते आणि गणिताचे रहस्य. तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांनी माणसाचे रूप दिले आणि बाहुल्याला रामदास पाध्यांच्या हातांनी जीव. पाध्यांच्या घरच्या अर्धवटरावाचा उद्धटपणा मराठी माणसाने फार वर्षे प्रेमाने सहन केला होता. तात्या विंचू हा त्याच घराण्यातला वाया गेलेला मुलगा वाटतो. हातभर उंचीचा, शिवराळ, स्वतःवर बेहद्द खूश. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भोळा नायक घाबरतो, तुरुंगात जातो, त्याचे कोणी ऐकत नाही. सभागृह हसते ते बाहुल्याच्या बाजूने.

माझे एक वकीलमित्र, सौंसरचे, या आकर्षणाला सरळ विकृती म्हणतात. त्यांचे म्हणणे, आपण स्वतः जे करू धजत नाही ते पडद्यावर दुसऱ्याने केले की आपल्याला बरे वाटते. हे स्पष्टीकरण जुने आहे आणि थोडे आळशी आहे. मला कोणाला आम्लात ढकलावे असे कधीच वाटले नाही. मोगँबो मला तरीही आवडला. मला वाटते त्याचे कारण दंडशास्त्रात आहे. फौजदारी खटल्यात सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती? प्रेत मिळते, हत्यार मिळते, साक्षीदारही मिळतात. मिळत नाही तो हेतू. आरोपीच्या मनात काय होते ते सिद्ध करण्यात आम्ही वर्षे घालवितो. आरोपी म्हणतो, मी तिथे नव्हतो. असलो तरी मारले नाही. मारले तरी तसे मनात नव्हते. आचार्य अत्र्यांनी १९६२ साली या नकारालाच नाटकाचे शीर्षक करून टाकले. ‘तो मी नव्हेच’ मधला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे, प्रभाकर पणशीकरांच्या मुखाने, आरोपीच्या पिंजऱ्यातून साक्षीदारांची त्रेधा उडवितो आणि प्रेक्षक त्या भामट्यावर लुब्ध होतात. (निपाणीही आमच्यासारखीच हद्दीच्या पलीकडे राहिलेली, म्हणून लखोबा मला उगाच गाववाला वाटतो.) पण लखोबाचे कौशल्य शेवटी नाकारण्याचे आहे. खुशीत असलेला खलनायक याच्या बरोबर उलट करतो. तो म्हणतो, तो मीच! मीच केले, जाणूनबुजून केले आणि मला मजा आली. अख्ख्या जगात हेतूची अशी बिनशर्त कबुली देणारा तो एकटाच इसम आहे. त्याच्याविषयी आपल्याला वाटते त्यात पुष्कळसा भाग मोकळेपणाचा असतो, शोध संपल्याच्या सुटकेचा असतो.

आणि इथेच मला स्वतःच्या आवडीची भीती वाटू लागते. आमच्या मध्यप्रदेशात १९८४ च्या डिसेंबरच्या दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री जे घडले, ते विज्ञानरहस्यकथेच्या कोणत्याही लेखकाने रचले असते तर त्यात एक मोगँबो निश्चित असता. झोपलेले शहर, टाकीत शिरलेले पाणी, तापत जाणारे मिथाइल आयसोसायनेट, अदृश्य वायू. शीतकरण बंद, वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त. राज्यशासनाने पुढे ३,७८७ मृत्यू या वायूशी संबंधित मानले. खरा आकडा याहून फार मोठा असल्याचे मानणारे पुष्कळ आहेत. १९८९ साली युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून हयगयीने मृत्यू घडविण्यावर आणला, म्हणजे तत्कालीन दंडसंहितेच्या कलम ३०४-अ वर. आणि ७ जून २०१० रोजी हयात असलेल्या सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. या साऱ्या कागदपत्रांत कुठेही कोणी हसलेले नाही. काटकसरीचे आदेश आहेत, पुढे ढकललेली दुरुस्ती आहे, सह्या आहेत. हेतू नाहीच, आणि हेतू नाही म्हणून कलम बदलते, कलम बदलते म्हणून दोन वर्षे होतात.

तेव्हा मराठी विज्ञानकथेवर मी वर जो आरोप ठेवला, त्याचे काय? नारळीकरांच्या कथांत मानगूट धरावे असे कोणी नाही, ही माझी तक्रार होती. भोपाळच्या कागदपत्रांपुढे बसल्यावर असे मनात येते की, कदाचित त्यांचेच चित्र जास्त खरे होते. पण तेवढ्याने मी तक्रार मागे घेत नाही. खरे असणे आणि पुरेसे असणे यांत फरक आहे. सहीमागे माणूस असतो, त्या माणसाला ती सही करताना काहीतरी वाटत असते, निदान काटकसर साधल्याचे छोटेसे समाधान तरी. तो छोटा हर्ष मोठा करून, त्याला जरतारी कोट घालून उजेडात बसविणे, हे कथेचे काम आहे. न्यायालयाला ते करता येत नाही, विज्ञान परिषदेला करावेसे वाटत नाही. स्टीव्हन्सनने एका सभ्य डॉक्टरच्या बाबतीत ते केले. मराठीत कारखान्याच्या कचेरीतला हाइड अजून कोणी लिहिलेला नाही. तो गाणे गुणगुणत देखभालीच्या खर्चावर काट मारील.

गेल्या पोळ्याच्या सुटीत माझा भाचा नागपूरहून तिगावला आला होता. त्याला मी ‘मिस्टर इंडिया’ दाखविला. हेतू असा की आपल्या बालपणाची साक्ष काढावी. तो मोगँबोवर माझ्याइतकाच खूश झाला. बाँबस्फोटात त्या कुटुंबातली लहानगी टीना मरते तिथे तो गप्प झाला, मी त्या वयात झालो होतो तसाच. आणि पुढच्याच सिंहासनाच्या प्रसंगी पुन्हा हसला, तेही माझ्यासारखेच. चित्रपट संपल्यावर अंगणात पाट मांडून निजलो असता त्याने विचारले, ‘मामा, टीनाला कोणी मारलं?’

‘मोगँबोने,’ मी म्हणालो.

तो बराच वेळ आकाशाकडे पाहत पडला होता. मग म्हणाला, ‘पण तो तर तिथे नव्हताच.’